पाठमोरा दुभाष्या

योतामु चिसालेला दोन भाषा उत्तम येत होत्या आणि दोन्हींत त्याला 'नाही' म्हणायचं जमत नव्हतं, निदान घराबाहेर तरी. ही त्याच्या बापाची शिकवण. बाप कासुंगूकडे एका गोऱ्या मळेवाल्याच्या घरी स्वयंपाकी होता. पोराला मांडीवर घेऊन तो सांगायचा, "गोऱ्या माणसाला नकार द्यायचा नसतो, बाळा. 'हो साहेब' म्हणायचं आणि मग आपलं काय ते करायचं. साहेब विसरतो." तंबाखूच्या मळ्यावरचा तो साहेब खरंच विसराळू होता, त्यामुळे बापाचं सगळं आयुष्य या एका युक्तीवर निभावून गेलं. मुलाच्या वाट्याला मात्र न विसरणारी गोरी माणसं आली.

मिशनच्या शाळेत तो इंग्रजी शिकला आणि मिसरूड फुटायच्या आत देवळात दुभाष्या झाला. परदेशातून कुणी उपदेशक आला की योतामुला त्याच्या शेजारी उभं करत. एकदा एका पाहुण्याने सांगितलं, देवाची क्षमा बर्फासारखी सगळं झाकून टाकते. देद्झाच्या डोंगरात बर्फ कुणी पाहिलाय? योतामुने बर्फाच्या जागी सकाळचं धुकं घातलं. मंडळी माना डोलावू लागली. पाहुणा खूश, पाळकसाहेब खूश. दुभाष्याचं काम शब्द पोचवण्याचं नसून दोन्हीकडची माणसं खूश ठेवण्याचं आहे, अशी त्या दिवशी त्याची जी समजूत झाली ती कायमची. समजूत चुकीची होती, पण तिच्यावर त्याचं बरं चाललं होतं.

लग्न करून तो देलियाच्या गावी, चिम्वालाला, राहायला आला. तिथले सगळे नवरे असेच आलेले, सगळेच घरजावई. जमीन आईकडून लेकीकडे जाते, घर लेकीचं, मुलं लेकीच्या कुळाची, आणि कुळाचा कारभारी म्हणजे लेकीचा मामा. नवऱ्याने कुदळ चालवावी, छप्पर शाकारावं, मुलांना खांद्यावर घ्यावं, आणि जमिनीची गोष्ट निघाली की तोंडाला कुलूप लावावं. पटलं नाही तर आपली चटई गुंडाळून आईच्या गावी जावं, कुणी अडवत नाही. गावातले म्हातारे जावई संध्याकाळी एकत्र बसले की म्हणायचे, "आपण कोंबडे आहोत बाबा. आरवायला मोकळे, पण खुराडं कोंबडीचं." योतामुही हसायचा. त्याला हे सगळं मनापासून मान्य होतं, कारण देलियावर त्याचा जीव होता.

सासूच्या बाबतीत मात्र तो कधी हसला नाही. जावयाने सासूच्या तोंडाकडे पाहायचं नाही, तिच्याशी थेट बोलायचं नाही, वाटेत गाठ पडलीच तर बाजूला होऊन पाठ करून उभं राहायचं, ही तिथली रीत. यात राग नसतो, मान असतो. निरोप जायचे ते देलियामार्फत. इतक्या वर्षांच्या संसारात योतामुने फालेसीचा, म्हणजे सासूबाईंचा, चेहरा धड पाहिला नव्हता. आवाज मात्र त्याने कुठेही ओळखला असता. फालेसी देवळातल्या महिला मंडळाची सगळ्यांत जुनी सभासद, गावाखालच्या पाणथळ जमिनीची मालकीण, आणि कमी बोलणारी बाई. कमी बोलणाऱ्या माणसाचा धाक जास्त असतो.

मग हिल्डे आली. नॉर्वेची, चाळिशीतली, उन्हाने नाक सोललेली. मिशनच्या विकासकामाची ती प्रमुख. बाई मनाने खरोखर चांगली होती, आणि हे टोमणा म्हणून नव्हे. तिच्या आधीचे साहेब गाडीची काच खाली करून चौकशी करायचे. ही गावात पायी हिंडायची, कुणाच्याही अंगणात न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळा हाताने मोडून खायची. पहिल्याच दिवशी तिने योतामुला सांगितलं, "मला मॅडम म्हणू नका. देवापुढे तुम्ही आणि मी सारखे. हिल्डे म्हणा."

"हो मॅडम," योतामु म्हणाला.

गावात सभा असली की शाळेच्या मास्तरांच्या घरून एक खुर्ची यायची, पाहुणीसाठी, पुसून-बिसून. हिल्डे ती बाजूला सारून बायकांच्या चटईवर बसायची. पाहुणी खाली बसली म्हणजे गावाची नाचक्की. मग बायका कानकोंड्या व्हायच्या आणि चटई तिला मोकळी करून देऊन स्वतः मातीत सरकायच्या. हिल्डेला वाटायचं, आता सगळे एका पातळीवर आले. तिला खरं कुणी सांगितलं नाही. सांगायचा पगार ज्याला मिळत होता तो म्हणाला, "त्यांना फार आवडलं, मॅडम."

त्या वर्षी पाणथळीत माशांची तळी खणायचं ठरलं. कुठे ठरलं, तर शहरातल्या कचेरीत. मासे विकले जातील, पोरांच्या ताटात मासा येईल, बायकांना घरखर्चाला आधार होईल. सांगायला सगळं झकास होतं. पाणथळीत फालेसीचे आणि तिच्या बहिणींचे वाफे होते. भोपळ्याचा पाला, मोहरी, आणि मुख्य म्हणजे आगाप मका. पावसाळ्यात कणगीचा तळ दिसायला लागतो आणि वरच्या शेतातलं पीक अजून हिरवं असतं, त्या दिवसांत गाव या मक्यावर जगतं. पण हे गावाने कुणाला सांगायचं आणि कधी, हा प्रश्नच होता.

सभा गावातल्या कचेरेच्या, म्हणजे रानवडाच्या, झाडाखाली भरली. देलियाचे मामा लामेकी, म्हणजे फालेसीचे भाऊ आणि कुळाचे कारभारी, त्या दिवशी मोठ्या सरोवराकाठच्या गावी मयताला गेलेले. योतामु नेहमीप्रमाणे पुरुषांकडे तोंड आणि बायकांकडे पाठ करून उभा राहिला, कारण बायकांत सासू होती. हिल्डे बायकांसमोर बसून तळमळीने बोलली. शेवटी म्हणाली, "तुम्हाला हे पटतंय का? मोकळेपणाने सांगा. आम्ही ऐकायला आलोय." योतामुने ते सांगितलं. मग त्याच्या पाठीमागून बायकांच्या टाळ्या ऐकू आल्या, ओंजळ करून वाजवलेल्या, मऊ, एका लयीत.

ती टाळी चिम्वालात कुणालाही मिळते. लांबून आलात, तोंड दाखवलंत, बरं वाटलं, एवढाच तिचा अर्थ. लस टोचणाऱ्या नर्सला मिळते, मतं मागायला आलेल्यालाही मिळते. पण हिल्डेचे डोळे भरून आले होते. "ही संमती ना, योतामु?" तिने विचारलं. योतामुला ती टाळी लहानपणापासून ठाऊक होती. त्याने एक क्षण विचार केला की मालकीण तर मागेच बसली आहे, तिच्या मनात नसतं तर तिने काहीतरी केलं असतं. मागून वेगळा काही आवाज आला नव्हता. आणि समोरचा तो आनंदी चेहरा विझवायची ताकद त्याच्यात कधीच नव्हती.

"हो मॅडम," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मिशनची माणसं येऊन मक्यात खुंट्या ठोकून गेली, टोकाला लाल फडकी बांधलेल्या. लामेकीमामा मयताहून परतले ते वाटेत पाणथळीपाशी थांबले, आणि घरी न जाता थेट योतामुच्या अंगणात आले.

"जावईबापू, बरे आहात ना?"

"तुम्ही बरे असाल तर आम्ही बरे, मामा."

"मी कुठला बरा? बहिणीच्या मक्यात लाल झेंडे पाहिले. म्हटलं, निवडणुका लागल्या की काय. तर बायका म्हणतात, नाही हो, आमच्या जावयांनी जमीन दिली. म्हटलं वा, आमचे जावई मोठे दानशूर निघाले. आम्हाला इतकी वर्षं पत्ताच नव्हता."

"मामा, मी नाही दिली. बायकांनी टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या वाजवणारच. पाहुणी आली तर काय दगड मारतील? आणि माझ्या बहिणीने काय केलं?"

"सासूबाई काही बोलल्या नाहीत."

लामेकीमामा त्याच्याकडे बघत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांना बहुधा त्याची कीव आली. "बोलली नाही," ते म्हणाले. "तुमची ती बाई बोलत असताना फालेसी उठली. कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेची धूळ झटकली, कुदळ खांद्यावर टाकली आणि सभेतून चालती झाली. सगळ्यांच्या देखत. गावात अजून दुसरा विषय नाही."

जमिनीच्या मालकिणीने भर सभेत कपड्याची धूळ झटकून निघून जाणं, याहून मोठा नकार त्या मुलखात नाही. त्यानंतर कुणी काही बोलायची गरजच उरत नाही. गाव त्या दिवशी विषय संपला असं समजून घरी गेलं होतं, आणि योतामुला हे कळलंच असेल असं देलियासकट सगळ्यांनी धरलं होतं. टाळ्या वाजल्या त्या नंतर, पाहुणीला निदान वाईट वाटू नये म्हणून.

"मला दिसलं नाही, मामा," योतामु म्हणाला. "माझी पाठ होती."

"पाठ केलीत ते बरोबरच केलंत. त्याबद्दल कुणी बोट दाखवणार नाही. पण पाठीमागे काय झालं ते विचारायला काय झालं होतं? लेकरू नव्हतात तुम्ही." मामांनी देलियाकडे पाणी मागितलं, प्यायले, भांडं खाली ठेवलं. "यंत्र सोमवारी येणार म्हणतात. ते पाणथळीत उतरलं तर मंगळवारी तुम्ही चटई गुंडाळा. देलिया आणि मुलं इथेच राहतील, हे तुम्हाला मी सांगायला नको."

मामा गेले. योतामु तिथेच ओट्यावर बसून राहिला. राहून राहून एकच गोष्ट त्याच्या डोक्यात फिरत होती. हिल्डे बायकांकडे तोंड करून बसली होती. म्हणजे तिने पाहिलं होतं. जिने पाहिलं तिला कळलं नाही, आणि ज्याला कळलं असतं तो पुरुषांच्या चपला बघत उभा होता. देवाने अशी थट्टा का करावी, ते त्याला समजेना.

दुसऱ्या दिवशी तो मिशनच्या आवारात गेला. जेसीबी येऊन उभाच होता, पिवळाधमक, आणि शाळेतली पोरं त्याच्या दातांना हात लावून पाहत होती. हिल्डे खोलीत फोनवर हसून बोलत होती. तिने फोन ठेवला आणि उठून त्याला खुर्ची दिली.

"या योतामु. चेहरा का असा? काही अडचण?"

"थोडीशी आहे, मॅडम."

"डिझेल ना? मला वाटलंच होतं."

योतामुने तोंड उघडलं. सगळं वाक्य तयार होतं, वाटेत चारदा घोकलेलं. "हो मॅडम," तो म्हणाला. "डिझेल."

तिने तिथल्या तिथे फोन करून डिझेलची सोय केली, जी आधीच झालेली होती. वर त्याचे आभारही मानले, की तुम्ही नसतात तर माझं काही खरं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मिशनच्या आवारात एक पिंप डिझेल जास्तीचं येऊन पडलं. योतामुला ते येताना दिसलं आणि हसावं की रडावं ते कळेना.

घरी देलिया भोपळ्याचा पाला निवडत बसली होती. "सांगितलंत?"

"डिझेलचं बोलणं निघालं."

"डिझेल," देलिया म्हणाली. तिने हातातला पाला खाली ठेवला. "अहो, ती काय मारते तुम्हाला?"

"मारत असती तर सोपं होतं. माझ्या बापाला मारायचे, त्याला कळायचं कुठे उभं राहायचं ते. ही म्हणते, आपण सारखे."

"मग सारख्या माणसाला सांगतात तसं सांगा. मला सांगता तसं."

"तुला मी काय सांगतो?"

"दिवसातून दहादा नाही म्हणता. छप्पर शाकारा म्हटलं, आज नाही. मीठ आणा म्हटलं, आत्ता नाही. तेव्हा कुठे जाते तुमची ती मॅडम?" आणि मग तिचा आवाज बदलला. "आई माझ्याशी बोलत नाही चार दिवस झाले. भांडत नाही, नुसती बोलत नाही. तुम्ही गेलात तर मी काय करू, ते मला कुणी विचारलंय का?"

रात्री योतामुने प्रार्थना करून पाहिली. देवाशी बोलायला दुभाष्या लागत नाही, हे तो मंडळीला कितीतरी उपदेशकांच्या वतीने सांगत आला होता. पण आता त्याला जाणवलं की मधे कुणी नसलं की आपल्याला बोलताच येत नाही. प्रभूला काय सांगायचं? माझी चूक झाली म्हणावं, तर पाठ करणं ही चूक नव्हती. मी खोटं बोललो म्हणावं, तर पुढचं वाक्य आपोआप येतं की मग खरं बोल. ते पुढचं वाक्य त्याला नको होतं, म्हणून तो नुसता गुडघे टेकून राहिला.

रविवार उजाडला. मिशनच्या सगळ्या मंडळ्यांत त्या रविवारी काळ्या-गोऱ्या सगळ्या माणसांच्या समतेबद्दल उपदेश व्हायचा होता, आणि पाळकसाहेबांनी हिल्डेलाच दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. देऊळ गच्च भरलं होतं. उजवीकडे पुरुष, डावीकडे पांढऱ्या पोलक्यांतल्या महिला मंडळाच्या बायका, त्यांत पुढून दुसऱ्या बाकावर फालेसी, शेजारी देलिया. लामेकीमामा दाराजवळ बसले होते. योतामु वेदीपाशी हिल्डेच्या शेजारी उभा राहिला, पुरुषांकडे वळून. अंगाला सदरा घामाने चिकटला होता. जेसीबी उद्या सकाळी निघणार होता.

हिल्डे बोलली ते चांगलं बोलली. ती म्हणाली, "आमची माणसं इथे आली, त्यांनी खूप शिकवलं आणि फार थोडं ऐकलं. आपलं कातडं गोरं आहे म्हणून आपल्याला जास्त कळतं, असं आम्ही धरून चाललो. हे पाप होतं. मी तुमची क्षमा मागते. मी इथे ऐकायला आले आहे." योतामुने एकही शब्द न बदलता ते सांगितलं. बदलण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि त्यामुळेच त्याला प्रत्येक वाक्य जड जात होतं. ती ऐकायला आली होती हे खरंच होतं. पण तिच्यापर्यंत पोचायची वाट त्याच्या तोंडातून जात होती, आणि ती वाट त्यानेच बुजवली होती.

तिचं बोलणं संपलं. डावीकडून टाळ्या आल्या, ओंजळीच्या, मऊ.

हिल्डेने हलकेच विचारलं, "त्यांना पटलं ना, योतामु?"

दाराजवळ मामा खोकले, का उगाच, कोण जाणे. 'हो मॅडम' जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, सवयीने, आणि ते बोललं की उपासना पुढे सरकणार होती, गीत सुरू होणार होतं.

"नाही मॅडम," योतामु म्हणाला.

हिल्डे थांबली. "काय?"

"पटलं की नाही ते मला माहीत नाही. तुम्ही आलात म्हणून त्या टाळ्या वाजवतात. कुणीही आलं तरी वाजवतात. त्या दिवशी झाडाखालीही त्याच होत्या." एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. "मला ते ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत, आणि मी हो म्हणालो. जमीन माझ्या सासूबाईंची आहे. तुम्ही बोलत होता तेव्हा त्या धूळ झटकून निघून गेल्या. आमच्याकडे तो नकार असतो. त्यापुढे काही नसतं. माझी पाठ होती, मला दिसलं नाही. पण मी नंतर विचारलंही नाही."

एवढं भराभर बोललेलं इंग्रजी समजणारे देवळात ते दोघे आणि पाळकसाहेब. पाळकसाहेब अर्धवट उठले. "योतामु, हे नंतर. उपासना चालू आहे."

हिल्डेने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "मी पाहिलं त्यांना," ती म्हणाली. "कुदळ घेऊन जाताना. मला वाटलं, बाईला काम आहे. मी हसून हात केला त्यांना." तिने ओठ दाबून धरले. "मी हात केला, योतामु."

"हो मॅडम," तो म्हणाला, कारण यावर दुसरं काय म्हणणार.

"मग आत्ता विचारा त्यांना. सगळ्यांसमोर. काय हवंय, काय नको."

"मला त्यांच्याशी बोलता येत नाही. त्या माझ्या सासूबाई आहेत."

देवळात कुजबुज सुरू झाली होती. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय हे बायकांनी ओळखलं होतं. देलिया बाकावरून उठली. "अहो, काय म्हणतेय ती?"

योतामुने पुरुषांकडेच तोंड ठेवून मोठ्याने सांगितलं, "पाहुणी म्हणते, आईंना विचार, पाणथळीबद्दल त्यांचं काय म्हणणं आहे. मी तिला टाळ्यांचं खरं सांगितलं."

देलियाने खाली वाकून आईला विचारलं. मग बाक करकरला, आणि योतामुला पाठीमागून तो आवाज ऐकू आला. फालेसी देलियाशीच बोलत होती, पण दाराबाहेरच्या माणसालाही ऐकू जाईल इतकं स्वच्छ. ती एक वाक्य बोले आणि थांबे. योतामु समोरच्या भिंतीकडे पाहत ते वाक्य इंग्रजीत करी.

"पाहुणीला सांग, ती लांबून आली, तिचं भलं होवो. ती मनाने वाईट नाही, हे आम्हाला दिसतं. तिने चटईवर बसू नये, आम्हाला लाज वाटते, हेही सांग."

योतामुने सांगितलं.

"पाणथळ माझ्या आईची, आणि तिच्या आईची. उपाशी महिन्यांत आम्ही तिच्यावर जगतो. मला मासे आवडतात. पण मी मका काढून मासे लावणार नाही. तळीच खणायची आहेत तर मिशनच्या बंगल्यामागे ओढा आहे, त्याला बारमाही पाणी आहे, जमीन त्यांचीच आहे. तिथे का नाही खणत? पाहुण्यांच्या खिडकीतून गवत हिरवं दिसायला हवं म्हणून?"

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. एरवी योतामुने हे वाक्य गाळलं असतं, निदान त्याला साखर लावली असती. आज त्याने खिडकी आणि गवत दोन्ही ठेवलं. हिल्डेने मान खाली घातली.

"आता आमच्या जावयांचं सांग," फालेसी म्हणाली. "जावई चांगले आहेत. माझ्या लेकीला त्यांनी दुखवलं नाही. माझ्यासमोर पाठ करायला कधी चुकले नाहीत. पण त्यांना वाटतं, काळ्या माणसाचं खरं गोऱ्या माणसाला सोसणार नाही, आणि गोऱ्या माणसाचं खरं आम्हाला सोसणार नाही. म्हणून दोन्हीकडचं ते एकटेच गिळतात. आम्हा सगळ्यांना त्यांनी लहान मूल करून ठेवलंय, तिलाही आणि मलाही."

हे स्वतःबद्दल स्वतःच्या तोंडाने दुसऱ्या भाषेत बोलायचं होतं. एक क्षण त्याला वाटलं, थोडं मऊ करावं, कुणाला कळणार आहे? पाळकसाहेब गप्प बसतील. मग त्याने ते जसंच्या तसं सांगितलं. आवाज मधेच फाटला, तरी त्याने वाक्य पुरं केलं.

"आणि हे सांग. माझ्या भावाने शब्द दिलाय. उद्या यंत्र पाणथळीत उतरलं तर जावई परवा चटई गुंडाळून जातील. मी मधे पडणार नाही. लेक रडेल, नातवंडं रडतील, तरी पडणार नाही."

देलियाचा हुंदका त्याला ऐकू आला. त्याला वळून पाहायचं होतं आणि वळता येत नव्हतं. "यंत्र पाणथळीत उतरलं तर," तो इंग्रजीत म्हणाला, "त्यांचे जावई ते घर सोडतील. मुलं आणि बायको इथे राहतील. सासूबाई अडवणार नाहीत."

"जावई," हिल्डे म्हणाली. "म्हणजे तुम्ही? योतामु, तुम्ही हे माहीत असून परवा माझ्यासमोर बसला होतात? अरे देवा. मला काही कल्पना नव्हती, त्यांना सांगा मी आत्ताच्या आत्ता—" ती त्याच्या हाताला धरून बोलू लागली, डोळ्यांत पाणी आणून, आधी क्षमा, मग वचन, मग पुन्हा क्षमा, आणि मागून फालेसीचा आवाज पुन्हा सुरू झाला होता, या वेळी हळू.

योतामुने आपला हात सोडवून घेतला आणि तिच्यासमोर धरला.

"थांबा जरा," तो म्हणाला. "त्या अजून बोलताहेत."